सिमेंटच्या आधी दफ्तर वाचवा

प्रति,
युक्रेन, गाझा आणि सीरियाच्या पुनर्बांधणीसाठी निधी देणारे देश, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी यांस

विषय : घर कुणाचं होतं, ही नोंद सगळ्यात आधी

महोदय, महोदया,

मी निवृत्त भूकरमापक आहे. आयुष्यभर जमिनी मोजल्या, हद्दी दाखवल्या, दगड रोवले. युद्ध कधी पाहिलं नाही. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी लातूर जिल्ह्यात नोकरीला होतो. गावंच्या गावं भुईसपाट झाल्यावर पहिल्या महिन्यात काय चालतं आणि दहाव्या वर्षी त्याचं काय झालेलं असतं, हे मी जवळून पाहिलं आहे. त्या अनुभवाच्या जोरावर हे पत्र लिहितो आहे.

तुमच्यापुढचे आकडे मोठे आहेत. फेब्रुवारी 2025 मध्ये केलेल्या अंदाजानुसार युक्रेनला पुढच्या दहा वर्षांत 524 अब्ज डॉलर लागतील. त्याच महिन्यात गाझासाठी 53 अब्जांचा अंदाज आला, आणि त्यानंतरही तिथे बॉम्ब पडतच राहिले. सीरियासाठी जागतिक बँकेने 216 अब्ज सांगितले आहेत. या आकड्यांत पूल आहेत, वीज आहे, पाणी आहे, दवाखाने आहेत, मलबा उचलण्याचा खर्च आहे. माझं मागणं या सगळ्यापुढे किरकोळ वाटेल. कुठलं घर कुणाचं होतं, कुठली जमीन कुणाची होती, याचं दफ्तर वाचवा, ते तपासा, आणि त्याप्रमाणे माणसाला ताबा द्या. हे काम यादीत नेहमी शेवटी पडतं. ते पहिलं घ्या.

किल्लारीनंतर आमच्याकडे 52 गावं नव्या जागी वसवली गेली. नवं घर केवढं मिळणार, हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलं होतं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 400, त्यापुढे 750. म्हणजे गवंडी येण्याच्या कितीतरी आधी सातबाऱ्याने घर बांधून टाकलं होतं. एका गावात एक बाई माझ्याकडे आली. नवरा आणि सासरा दोघंही एकाच खोलीत ढिगाऱ्याखाली गेलेले. जमीन सासऱ्याच्या नावावर, वारस नोंद झालेली नाही, आणि दीर पुण्याला असल्यामुळे वाचलेला. तिच्या पत्र्याच्या पेटीत सोसायटीच्या दोन पावत्या होत्या, मातीने माखून एकमेकींना चिकटलेल्या. बाकी तिच्याकडे कागद नव्हता, पण शिवार तिला तोंडपाठ होतं. बांधावरची बोर कुणी लावली, विहिरीत आपला चार आणे हिस्सा कसा, पावसाळ्यात ओघळ कुठून वळतो, सगळं तिने पायाखालच्या वाटेसारखं दाखवलं. ती म्हणेल तिथे मी साखळी टाकत गेलो आणि प्रत्येक खूण जुन्या नकाशाशी जुळत गेली. पण वर नाव चढलं ते एकट्या दिराचं, कारण तो वेळेत हजर झाला आणि त्याच्याकडे शिधापत्रिका होती. बाई कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. माझा नकाशा बरोबर होता आणि नोंद चुकीची होती. घर मिळालं ते नोंदीवर.

तेव्हापासून, जिथे जिथे माणसं घराबाहेर फेकली गेली तिथे दफ्तराचं काय झालं, हे मी मिळेल तिथून वाचत आलो आहे. त्यात बॉस्नियाइतकं शिकवणारं मला दुसरं काही सापडलं नाही.

1992 ते 1995 च्या युद्धात त्या देशाच्या 44 लाख लोकांपैकी निम्म्यांना घर सोडावं लागलं. सुमारे एक लाख माणसं मेली. 14 डिसेंबर 1995 ला पॅरिसमध्ये युद्ध संपवणाऱ्या डेटन कराराच्या सह्या झाल्या. त्या कराराची आठवण निघाली की सगळे बॉस्नियाक (म्हणजे तिथले मुस्लिम) आणि क्रोआट यांना 51 टक्के, सर्बांना 49 टक्के या भूभागाच्या वाटणीबद्दल बोलतात. माझ्या लेखी त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे सातवं परिशिष्ट. हाकलल्या गेलेल्या प्रत्येकाला आपल्या मूळ घरी परत जाण्याचा हक्क आहे, हिसकावलेली मालमत्ता त्याला परत मिळेल, आणि दडपणाखाली करून घेतलेली खरेदीखतं मानली जाणार नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. नुकसानभरपाई घेऊन गप्प बसा, असं त्यात म्हटलेलं नाही. आधी घर.

पण सही होऊन दहा दिवसही होत नाहीत तोच काय घडलं पाहा. युगोस्लाव्हियात शहरातले बहुतेक फ्लॅट कारखान्यांच्या, कचेऱ्यांच्या नावावर असायचे आणि राहणाऱ्याला तिथे हयातभर राहण्याचा पक्का हक्क असायचा. युद्धात पळून गेलेल्यांचे असे फ्लॅट ‘सोडून दिलेले’ ठरवून दुसऱ्यांना वाटले होते. 22 डिसेंबर 1995 ला युद्धस्थिती संपल्याचं जाहीर झालं आणि कायद्याने मुदत दिली : देशात असाल तर सात दिवसांत, परदेशात असाल तर पंधरा दिवसांत परत येऊन राहायला लागा, नाहीतर हक्क गेला. 6 जानेवारी 1996 ला दार बंद. जर्मनीतल्या छावणीत लेकरं घेऊन बसलेल्या बाईने ऐन हिवाळ्यात, मोडलेल्या रस्त्यांवरून, कालपर्यंत गोळ्या झाडल्या जात होत्या तिथे पंधरा दिवसांत पोचायचं! हा कायदा सारायेवोच्या सरकारचा होता, ज्यांच्यासाठी जग हळहळत होतं त्यांचाच. सर्बांच्या बाजूचे कायदे याहून चांगले नव्हते. शहरावर साडेतीन वर्षांहून जास्त वेढा सोसलेल्या सरकारलाही दुसऱ्याचं घर सोडवत नाही, हे तुम्ही ध्यानात ठेवावं. उद्या करारावर सही करणारा कुणीही, कितीही पीडित असो, हाच मोह त्याला पडणार आहे.

पुढची दोन-अडीच वर्षं सातवं परिशिष्ट कागदावरच राहिलं. ते हललं ते वेगळ्याच कारणाने. करारावर देखरेख ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीला 1997 च्या डिसेंबरात आडमुठ्या अधिकाऱ्यांना थेट पदावरून काढायचा अधिकार मिळाला. 1998 मध्ये ते जुने कायदे रद्द करायला लावले. 1999 मध्ये सगळ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून एकच पद्धत ठरवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तेव्हाचे उच्च प्रतिनिधी वोल्फगांग पेत्रिच यांनी एका दिवसात 22 लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांना घरी बसवलं. कित्येकांवर ठपका हाच होता की ते लोकांची घरं परत देण्याच्या आड येतात. त्यानंतर दर महिन्याला नगरपालिकावार तक्ता छापला जाऊ लागला : दावे किती आले, निकाली किती, ताबा किती जणांना दिला, टक्केवारी किती. आमच्या खात्यात जमाबंदीच्या बैठकीत असा तक्ता भिंतीवर लागला की काय हालचाल होते ते मी सांगायला नको. बॉस्नियात आलेल्या दोन लाखांहून जास्त दाव्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक 2004 संपेपर्यंत निकाली निघाले होते. परतलेल्यांची संख्या त्याच वर्षी दहा लाखांवर गेली.

हे ऐकायला सोपं वाटतं, पण एकेका ताब्याच्या वेळी काय होत असेल याचा विचार करा. ज्याला बाहेर काढायचं तो बहुतेकदा स्वतःच कुठून तरी हाकललेला. तो याच्या घरात, त्याच्या घरात तिसरा, तिसऱ्याच्या घरात चौथा. एक कडी सुटली तर पुढची सुटणार. आणि घर सोडताना रागाने लोक खिडक्यांच्या चौकटी, विजेची बटणं, नळ, कधी जमिनीवरच्या फरशाही उचकटून न्यायचे. मालकाच्या हातात चार भिंती यायच्या. तरीही ताबा दिला गेला, कारण कायद्याने बॉस्नियाक, सर्ब, क्रोआट असा भेद केला नाही. सारायेवोतल्या सर्बाचा फ्लॅट आणि सर्बांच्या ताब्यातल्या बान्या लूकातल्या मुस्लिमाचा फ्लॅट यांना एकच फॉर्म होता.

कोन्येविच पोल्ये नावाचं गाव आहे, स्रेब्रेनिकापासून फार लांब नाही. तिथल्या एका मुस्लिम आजीला अख्खा देश ‘नाना फाता’ म्हणून ओळखतो. आपल्याकडे नाना म्हणजे पुरुष, तिकडे नाना म्हणजे आजी. जुलै 1995 च्या स्रेब्रेनिकाच्या नरसंहारात तिचा नवरा आणि वीसहून जास्त नातेवाईक मारले गेले. ती परत आली तेव्हा तिच्या अंगणात सर्बांचं चर्च उभं होतं. ती नसताना जागा संपादित केल्याचे कागद तयार झाले होते. मालमत्ता तिची, हे मान्य झालं. घर परत मिळालं. चर्च मात्र हलेना. पैसे देऊ केले, ते तिने घेतले नाहीत. तिचं भांडण देवाशी नव्हतं, जागेपुरतं होतं. वीस वर्षं ती कोर्टाच्या पायऱ्या चढली. शेवटी 1 ऑक्टोबर 2019 ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने चर्च काढायचा हुकूम दिला, आणि 5 जून 2021 ला ते खरोखर काढलं गेलं. मला या गोष्टीत तिच्या चिकाटीइतकाच तो मूळ निर्णय महत्त्वाचा वाटतो, ज्यात ती जमीन तिची म्हणून नोंदली गेली. ती नोंद नसती तर स्ट्रासबर्गपर्यंत ती काय घेऊन गेली असती?

बॉस्नियात सगळं आलबेल झालं असं मी म्हणत नाही. घर परत मिळालेल्या कित्येकांनी ते विकलं नाहीतर बदलून घेतलं. शेजार परत मिळाला नाही, नोकरी मिळाली नाही, कितीतरी ठिकाणी मुलं आजही एकाच छपराखाली दोन वेगळ्या शाळांत बसतात. पण विकणं हा त्यांचा निर्णय होता. विकायला हातात काहीतरी होतं. माझ्या त्या शेडमधल्या बाईकडे तेही नव्हतं.

आता तुमच्या समोरच्या देशांकडे बघा. सीरियात 2018 च्या कायदा क्रमांक 10 ने पुनर्विकासाच्या भागातल्या मालकांना हक्क सिद्ध करायला आधी तीस दिवस दिले होते. लाखो लोक तुर्कस्तान, लेबनॉन, जर्मनीत होते. ओरड झाल्यावर मुदत वर्षाची झाली. त्याच्या आधी, 2013 मध्ये होम्स शहराचं जमीन नोंदणी कार्यालय जळालं होतं. असद यांची सत्ता डिसेंबर 2024 मध्ये गेली, पण त्या काळात बदललेल्या नोंदी आपोआप गेल्या नाहीत. युक्रेनच्या, पण आता रशियाच्या ताब्यातल्या मारिउपोल शहरात मालक समोर आला नाही तर फ्लॅट बेवारस ठरवला जातो, आणि समोर यायचं तर रशियाचा पासपोर्ट लागतो. सारायेवोचे ते सात दिवस आणि हे, यात मला फरक दिसत नाही. 19 डिसेंबर 2024 ला सायबर हल्ल्याने युक्रेनच्या न्याय मंत्रालयाची नोंदणी-यंत्रणा बंद पाडली होती. ती सावरायला आठवडे लागले. शत्रूला कळतं की दफ्तर कुठे मारायचं. कोसोव्होतून 1999 मध्ये माघार घेताना सर्बियाने भूमापनाचे मूळ अभिलेख उचलून नेले. त्यांच्या प्रती परत देण्याचं ठरवायला 2011 उजाडलं.

गाझाची गोष्ट सगळ्यात अवघड. तिथल्या महापालिकेचं मध्यवर्ती अभिलेखागार युद्धाच्या पहिल्या दोन महिन्यांतच उद्ध्वस्त झालं. शिवाय तिथली बहुसंख्य कुटुंबं 1948 मध्ये इस्रायल स्थापन होताना घर सोडावं लागलेली निर्वासित. जबालियासारख्या छावणीतल्या घराला खरेदीखत नसतंच, पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असते. कुणी चकचकीत किनाऱ्याचे नकाशे काढून दाखवतो, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो की या वहिवाटीवाल्यांना त्यात कुठला गट नंबर दिला आहे. बैरूतमध्ये यादवी संपल्यावर शहराचा मध्यभाग एका कंपनीने बांधला. जुन्या मालकांना आणि भाडेकरूंना जागेऐवजी कंपनीचे शेअर मिळाले. इमारती सुरेख झाल्या आहेत. ज्यांची तिथे पेढी होती, शिंप्याचं दुकान होतं, ते तिथे नाहीत.

आणि हेही कबूल करतो की नुसता कागद पुरत नाही. 11 डिसेंबर 1948 च्या ठरावात संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टिनी निर्वासितांचा परतीचा हक्क मान्य केला. त्यांच्या जमिनींच्या चार लाखांहून जास्त नोंदी संयुक्त राष्ट्रांच्याच आयोगाने तयार केल्या, त्या न्यूयॉर्कच्या अभिलेखागारात आहेत. त्यावर एका गुंठ्याचा ताबा मिळाला नाही. दफ्तर होतं, पेत्रिचसारखा अधिकार कुणाला नव्हता. दोन्ही लागतात.

तुम्ही म्हणाल, आधी पाणी, आधी छप्पर, आधी औषध. बरोबर आहे, तंबू ठोकायला सातबारा लागत नाही. पण ज्या दिवशी तुम्ही कायमच्या प्लॉटची पहिली खुंटी ठोकता, त्या दिवशी निवाडा झालेला असतो, तुमच्या लक्षात येवो न येवो. आमच्या अनुभवात तंबू ते खुंटी हे अंतर फार थोड्या महिन्यांचं असतं.

कागद जळाले असतील तर काय करायचं, यालाही उत्तर आहे आणि ते आमच्या देशातलं आहे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या हिंदू-शीख शेतकऱ्यांनी मागे 67 लाख एकर सोडली होती. पूर्व पंजाबातून गेलेल्या मुस्लिमांची इकडे फक्त 47 लाख एकर होती. पुनर्वसनाचं काम पाहणारे सनदी अधिकारी तरलोक सिंग यांनी जमिनीच्या कसावरून ‘प्रमाण एकर’ ठरवला आणि चढत्या प्रमाणात कपात लावून वाटप केलं. हे जमलं कशाने? एक तर दोन्ही सरकारांनी, रक्त अजून सुकलं नव्हतं तेव्हा, एकमेकांना महसुली दफ्तराच्या नकला दिल्या. आणि दुसरं म्हणजे, प्रत्येकाचा दावा त्याच्या मूळ गावच्या माणसांसमोर मोठ्याने वाचला गेला. आमच्याकडे याला चावडीवाचन म्हणतात. भरल्या चावडीत दहा एकराचे वीस एकर सांगायला जीभ रेटत नाही, मागून कुणीतरी ओरडतंच. गाझाची एक-एक गल्ली आज कुठल्या ना कुठल्या तंबूंच्या रांगेत एकत्र बसलेली आहे. खान युनिसमध्ये, कैरोमध्ये, बर्लिनमध्ये बसून वाचन करा. वृद्ध माणसं आहेत तोवर करा. दर महिन्याला त्यातली काही जात आहेत आणि त्यांच्याबरोबर बांध जात आहेत.

फाळणीत मात्र आपण परतीचा हक्क दिला नाही. उल्हासनगरच्या बराकीत राहिलेल्या सिंध्यांना सक्कर-शिकारपूरचं घर पुन्हा पाहायला मिळालं नाही, क्लेमच्या कागदावर जे मिळायचं ते मिळालं. दोन देशांनी तसं ठरवलं होतं, त्यांना विचारून नव्हे. म्हणून भरपाईचा मार्ग दाखवताना तो माणसाला विचारून दाखवावा, एवढं तरी आमच्या चुकीतून घ्या.

माझी विनंती स्पष्ट शब्दांत लिहितो. आज जिथे जिथे दफ्तर शाबूत आहे, त्याची नक्कल तिसऱ्या देशात ठेवायला पैसे द्या. करार होण्याची वाट पाहू नका. करारात घराचा हक्क एकेका माणसाच्या नावाने लिहा, आणि मुदत घालायची असेल तर मालकाला घालू नका, ताबा देणाऱ्या अधिकाऱ्याला घाला. तो अडवत असेल तर त्याला हलवण्याचा अधिकार कुणाकडे, ते त्याच कलमात लिहा. तंबूत अंगठा घेऊन करून घेतलेली खतं मानू नका. लाइट बिल, शाळेचा दाखला, लग्नाचा फोटो, चार शेजाऱ्यांची साक्ष, जे असेल ते पुरावा म्हणून घ्या. आणि नवरा, सासरा, भाऊ गेलेल्या बायकांची वारस नोंद कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता स्वतःहून लावा. हे शेवटचं वाक्य मी इतर सगळ्यांपेक्षा जड हाताने लिहितो आहे.

युक्रेनसाठी हेगमध्ये नुकसानीची नोंदवही उघडली आहे, 2 एप्रिल 2024 पासून तिथे दावे घेतले जातात, हे मला ठाऊक आहे. ती चांगली सुरुवात आहे. ती पडलेल्या घराची नोंद घेते. उभ्या घरात दुसराच कुणी राहतो आहे, त्याचंही खातं तिथे जोमाने चालावं. आणि सीरिया व गाझासाठी तशी वही मला कुठे दिसत नाही.

महाराष्ट्रात, पंजाबात, बॉस्नियातही, मोजणी करणारी, जुना नकाशा वाचणारी, खाडाखोड ओळखणारी हजारो माणसं निवृत्त होऊन घरी बसली आहेत. आम्हाला अरबी येत नाही, युक्रेनियन येत नाही, पण नोंद कधी मागाहून घुसडली आहे ते शाई आणि क्रम बघून कळतं. प्रवासखर्च आणि राहायला एक खोली एवढ्यावर येणारे मी एका दिवसात वीस जण गोळा करून देतो. कुठे आणि कधी हजर व्हायचं तेवढं कळवावं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूकरमापक
लातूर